धारेचा नग

दारं-खिडक्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात कुणाला फुकट बोलणी खायची हौस असेल, तर त्याने एकच करायचं. खिळ्यावरून चाललेलं पातं घेऊन मागच्या धारेच्या खोलीत जायचं आणि ते टेबलावर ठेवायचं. मग धारवहिनी चष्मा नाकावर घसरवून आधी पात्याकडे बघायची, मग माणसाकडे बघायची आणि विचारायची, "डोळे घरी खुंटीला टांगून आलात का? लाकूड कापायला सांगितलं होतं, खिळे नाही." माणूस पोराबाळांचा बाप असला तरी मान खाली घालून उभा राहायचा. पातं मात्र दुपारच्या आत, तेल लावलेल्या फडक्यात गुंडाळून, त्याच्या मशीनवर पोचलेलं असायचं.

खोली कसली, मागच्या भिंतीला लागून काढलेला एक कोनाडाच तो. एक खिडकी, एक फिरणारं धारेचं चाक, पाण्याची कुंडी, जाड-मध्यम-बारीक अशा तीन सहाणा आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या कानशी. पुढच्या मोठ्या शेडमध्ये करवती किंचाळायच्या, रंधा मशीन घोंघावायचं, भुसा उडायचा. या खोलीत मात्र पाण्यात भिजलेल्या दगडाचा वास आणि सहाणेवर पातं सरकल्याचा आवाज, एवढंच. दरवाजे, चौकटी, खिडक्यांच्या नक्षीपट्ट्या, सगळं तिकडे बनायचं. पण इथून पातं गेलं नाही, तर तिकडे लाकूड कापलं न जाता जळायचं आणि काळा डाग धरायचं.

ही खोली आधी वहिनीच्या नवऱ्याची. तो गेला तेव्हा घरात ती आणि सासूबाई, दोघीच उरल्या. जुन्या मालकांनी विचारलं, "काम करशील का?" हिने हो म्हटलं, कारण नाही म्हणायला मागे काही नव्हतंच. धार लावणं तिने फक्त बघितलेलं. सुरुवातीला तिने लावलेल्या पात्यांनी लोणीसुद्धा कापलं गेलं नसतं. पातं चुकीच्या कोनात धरायची, कड जाळायची, एकदा तर करवतीचे दात एकाच बाजूला वाकवून ठेवले आणि कापणाऱ्याची अख्खी फळी तिरकी गेली.

त्या काळात कुणी ब्र काढला नाही. बोथट पात्यांनी माणसं दुप्पट जोर लावून काम करत राहिली, नग कमी निघाले, मजुरी कमी झाली, पण एकानेही मालकांकडे जाऊन 'या बाईला काढा' म्हटलं नाही. रंधा मशीनवरचे सगळ्यात जुने कारागीर, ज्यांना सगळे रंधेकाका म्हणत, ते जेवणाच्या सुट्टीत डबा अर्धा टाकून तिच्या खोलीत यायचे. तिचे हात धरून कोन दाखवायचे. "डोळ्यांनी नको, पोरी, कानांनी लाव धार. पातं नीट बसलं की सहाण गप्प बोलते." गप्प बोलणं म्हणजे काय ते तिला कळायला बराच वेळ लागला. कळलं तेव्हा ती रडली होती, आणि काकांनी दुसरीकडे बघायचं नाटक केलं होतं. हे उपकार वहिनी विसरली नव्हती. बोलून दाखवायची तिला सवय नव्हती, इतकंच. तिचे आभार शिव्यांच्या रूपाने बाहेर पडायचे आणि ते सगळ्यांना माहीत होतं.

आता तिच्या मजुरीचं सांगायला हवं, कारण घोळ तिथेच झाला.

या धंद्यात पूर्वी मजुरी नगावर. जितक्या चौकटी काढाल तितके पैसे. पण धार लावणारा कुठे नग काढतो? त्याच्या कामाचं दार बनत नाही की खिडकी बनत नाही. तेव्हा कारागिरांनीच, कोण जाणे कधीपासून, एक रीत पाडलेली. मालाच्या दर खेपेला प्रत्येकाने आपल्या एका नगावर खडूने अर्धचंद्र काढायचा. तो धारेचा नग. करणारा कुणीही असो, त्याची मजुरी धारेची. पगाराच्या संध्याकाळी एकेक जण हात धुऊन मागच्या खोलीत यायचा आणि आपल्या खुणेच्या नगांचे पैसे वहिनीच्या टेबलावर ठेवायचा. कार्यालयाचा यात काही संबंध नव्हता. कार्यालयाच्या लेखी ती मदतनीस होती, झाडलोट करणाऱ्यांच्या रांगेत. तो पगार अगदीच तोंडी लावण्यापुरता. खरं पोट भरायचं ते त्या अर्धचंद्रांवर. धार चांगली तर सगळ्यांचे नग जास्त आणि सगळ्यांचे जास्त तर तिचेही जास्त. इतका सरळ हिशेब दुसऱ्या कुठल्या धंद्यात सापडायचा नाही.

मग दिवस बदलले. तयार दारांना मागणी वाढली, मशीनं नवी आली, पण ती चालवणारे हात मिळेनात. भुशात नाक घालून उभं राहायला नवी मुलं तयार होईनात. शहराच्या दुसऱ्या टोकाचे कारखाने इकडची माणसं फोडायला लागले. आज एक जण जायचा, उद्या दुसऱ्याला निरोप यायचा. जुन्या मालकांच्या जागी त्यांची लेक आली होती. तिला सगळे मालकीणबाई म्हणत. तिने ओळखलं की नगावरची मजुरी आता चालायची नाही. महिन्याचा बांधलेला पगार, कुशल, अर्धकुशल आणि मदतनीस अशा तीन श्रेण्या, दरवर्षी वाढ आणि भरपगारी रजा. कारागिरांच्या वतीने बोलायला उभा राहिला भोंगा. चौकटी जोडणारा हा गडी, आवाज असा की चालू करवतीवरून ऐकू यायचा, म्हणून ते नाव. भोंग्याने खूप भांडून, टेबलं बडवून, चांगला करार पदरात पाडला. सगळ्यांनी चहा प्यायला, बिस्किटं खाल्ली. वहिनीनेही खाल्ली आणि भोंग्याला म्हणाली, "तुमच्या घशाला पहिल्यांदाच कुणी कामाला लावलं बघा." सगळे हसले.

पहिल्या बांधल्या पगाराच्या संध्याकाळी वहिनीने नेहमीसारखी खोली झाडली, टेबल पुसलं आणि बसून राहिली. तिच्या हातात कार्यालयातून आलेलं पाकीट होतं, मदतनीसाचं. तिला वाटलं, बाकीचं माणसं आणून देतील. शेडमध्ये हसणं-खिदळणं चाललेलं ऐकू येत होतं. कुणीतरी बायकोला साडी घेणार होता, कुणी सायकल. मग आवाज फाटकाकडे सरकले आणि शेड रिकामी झाली. मागच्या खोलीत कुणीच आलं नाही.

ती घरी गेली. घर म्हणजे किराणा दुकानाच्या वरच्या दोन खोल्या, पुढच्या खोलीत सासूबाईंचा पलंग. सासूबाईंना पाकीट हातात घेऊनच कळलं. त्यांनी ते दोन बोटांत दाबून पाहिलं आणि विचारलं, "एवढंच?"

"आता असंच. करार झालाय."

"त्यांना विचारलंस का?"

"काय विचारायचं, आई? त्यांनी बसून, विचार करून ठरवलंय. माझी किंमत झाडूवाल्याएवढी आहे, तर आहे."

"मागितल्याशिवाय आईसुद्धा जेवायला वाढत नाही," सासूबाई म्हणाल्या. "आणि मी तर सासू. तेव्हा आधी भात टाक, मग रड."

वहिनीने भात टाकला, पण विचारलं मात्र नाही. पैशाची चणचण तर होतीच. भाडं आणि सासूबाईंची औषधं भागली की हातात काही उरणार नव्हतं. पण त्याहून वाईट दुसरंच होतं. ज्यांनी बोथट पात्यांवर दिवस काढले, त्यांनीच आता तिला बाजूला काढलं, हे तिला गिळता येईना. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. महिनाभर ती गप्प राहिली. खिळ्यावरून गेलेली पाती आली, तिने निमूट घेतली, निमूट धार लावली. वहिनी गप्प, म्हणजे काहीतरी मोठं बिनसलंय, हे खरं तर भिंतींनाही कळायला हवं होतं. पण बांधल्या पगाराच्या नव्या नवलाईत गड्यांना वाटलं, बाई सुधारली!

दुसरा पगारही तसाच झाला. तेव्हा ती शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका कारखान्यात जाऊन आली. धार लावणारं माणूस त्यांना दिवा घेऊन शोधूनही मिळत नव्हतं. त्यांनी कुशल श्रेणीचा पगार लगेच कबूल केला आणि सोमवारी या म्हणाले. तिने विचार करून सांगते म्हटलं. परतीच्या वाटेवर तिला आनंद व्हायला हवा होता. तो काही झाला नाही.

शनिवारी तिने रंधेकाकांची पाती स्वतः नेऊन दिली. काका मशीन बंद करून फडक्याने हात पुसत होते.

"ही माझ्या हातची शेवटची," ती म्हणाली. "पुढच्या आठवड्यापासून दुसऱ्या कुणाला सांगा."

"का गं? कुठे निघालीस?"

"जिथे मला कारागीर म्हणतात तिथे. इथे तर तुम्ही सगळ्यांनी मिळून मला झाडूवाली ठरवलीत."

काकांना काही उमजेना. "आम्ही? आम्ही कधी ठरवली?"

"करारात. माझा नग बंद केलात आणि कुणी एका शब्दाने बोललात नाहीत. पगाराला मी दोनदा वाट बघत बसले, काका. दोनदा."

काकांनी हातातलं फडकं खाली टाकलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "अगं, म्हणजे तुला मिळालं नाही? मला वाटलं, आता सगळं कार्यालयातूनच मिळतं, तर तुझंही तिथूनच येत असेल. भोंग्याने सांगितलं असेल असं धरून चाललो मी."

भोंग्याला बोलावलं. भोंगा आला, ऐकलं, आणि जन्मात पहिल्यांदा त्याचा आवाज खाली आला. त्याला वाटलं होतं, वहिनींचं रंधेकाकांनी आधीच बघितलं असेल, कारण त्यांच्यावर काकांची माया. करवतीवाल्याला वाटलं होतं, मालकीणबाईंना माहीतच असणार. प्रत्येकाने आपापल्या मशीनपुरतं तोंड उघडलं आणि जिच्यामुळे सगळी मशीनं चालत होती तिचं दुसरा कुणीतरी बोलेल असं धरून चालला. दिव्याखालीच अंधार, दुसरं काय! नग गेले, नगाबरोबर खडू गेला, आणि खडूबरोबर ही बाईसुद्धा यांच्या ध्यानातून निसटली.

"विसरलात?" वहिनी म्हणाली. "मला विसरलात?" तिच्या आवाजात राग होता, पण छातीवरचा मोठा धोंडा बाजूला सरकल्यासारखंही तिला झालं. विसरले होते. काढून टाकलं नव्हतं.

जेवणाच्या छपराखाली सगळे जमले. वहिनी एका कडेला उभी. सुरुवातीला जरा चुळबुळ झाली. एक जण म्हणाला, करार पुन्हा उघडला तर मालकीणबाई बाकीचंही उघडतील, हातचं सोडून पळत्याच्या मागे कशाला लागा. दोघा-तिघांनी माना डोलावल्या. तेव्हा रंधेकाका उठले. ते फारसं बोलणारे नव्हते.

"आपला पगार कसा बांधला, आठवतंय का?" ते म्हणाले. "गेल्या वर्षी प्रत्येक मशीनवर जेवढे नग निघाले, त्याची सरासरी धरून. कार्यालयाने सगळे नग मोजले. खुणेचे वगळले का? नाही. त्यांना कुठे माहीत होती खूण? म्हणजे वहिनीचा नग आपल्या पाकिटात आलाय. दोन महिने आपण तिचं घरी नेतोय, आणि वर त्याच्या नावाने चहा पितोय."

आधी चुळबुळ करणारा माणूस आपल्या डब्याचं झाकण लावत बसला, मग पुन्हा उघडत बसला. शेवटी तोच म्हणाला, "चला, जाऊ या वर, मालकीणबाईंकडे."

सगळे वर गेले. मालकीणबाईंनी ऐकून घेतलं आणि त्याच उलट चकित झाल्या. "मला तर वाटायचं, धारेचं काम तुम्ही आपापलं करता आणि या बाई झाडलोट बघतात. मला कुणी सांगितलंच नाही." त्यांनी काही आढेवेढे घेतले नाहीत, पण तोंडाला पानंही पुसली नाहीत. वहिनीला कुशल श्रेणीत घ्यायचं तर पैसा कुठून तरी यायला हवा, हे त्यांनी सरळ सांगितलं. कारागिरांनी आपल्या पुढच्या वाढीतला थोडा भाग सोडावा, उरलेला त्या घालतील. सगळे कबूल झाले. "आणि गेल्या दोन महिन्यांचं?" त्यांनी विचारलं.

"ते आमचं आम्ही बघतो," भोंगा म्हणाला. त्याचा आवाज परत आला होता.

त्या संध्याकाळी मागच्या खोलीत पुन्हा रांग लागली. एकेक जण येत होता, टेबलावर पैसे ठेवत होता, आणि चष्म्याची, सहाणेची, हवेची चौकशी करत होता. वहिनी कुणाला 'धन्यवाद' म्हणाली नाही. करवतीवाला आला तेव्हा मात्र तिने त्याचं सकाळचं पातं समोर धरलं आणि म्हणाली, "हे काय आहे? परत खिळा? डोळे आहेत की बटणं?" आणि बाहेर उभ्या सगळ्यांना इतकं बरं वाटलं की भोंगा ओरडला, "आल्या! वहिनी परत आल्या!" सोमवारी ती दुसरीकडे गेली नाही. तसा निरोप मात्र तिने स्वतः जाऊन दिला, कारण त्यांनीही तिला माणसासारखं वागवलं होतं.

तेव्हापासून ती त्या कारखान्यात कुशल कारागीर आहे. आणि पगार बांधलेला असणं म्हणजे नेमकं काय, हे तिला कळायला थंडी यावी लागली.

थंडीत तिला ताप भरला. सकाळी ती सवयीने उठली, पदर खोचला आणि जिन्यापर्यंत गेली, ती कठडा धरून तिथेच बसली. सासूबाईंनी पलंगावरूनच दटावलं, तेव्हा दुकानदाराकडून फोन करवला आणि ती अंथरुणावर पडली. ताप उतरेपर्यंत पडूनच होती. डोळा लागला नाही तो काळजीने, की या महिन्याचं आता काय होणार. बरी होऊन कामाला गेली, महिना भरला, पाकीट हातात आलं. तिने मोजलं. तिला वाटलं, चूक झाली. ती कार्यालयात गेली आणि पाकीट कारकुनासमोर ठेवलं.

"जास्त आलंय. मी आजारी होते ना मध्ये."

कारकून हसला. "भरपगारी रजा आहे ती, वहिनी. आजारपणाची. तुमची हक्काची."

"न येता?"

"न येता."

ती घरी आली आणि पाकीट सासूबाईंच्या हातात दिलं. त्यांनी ते दोन बोटांत दाबलं आणि भुवया वर केल्या. "कमी नाही झालं?"

"नाही, आई. ताप आला तर घरी राहायचं, आणि पगार कापत नाहीत. सगळ्यांना आहे तसं."

"कामावर गेलं नाही तरी?"

"गेलं नाही तरी."

म्हातारीने पाकीट मांडीवर ठेवलं. मग त्या म्हणाल्या, "माझ्या लेकालाही नुसता तापच होता गं."

"हो, आई."

"मी म्हणत होते, नको जाऊस. म्हणाला, पाती बोथट झाली तर सगळ्यांचे नग बुडतील, आपलाही बुडेल. अंगात ताप घेऊन गेला तो. तिसऱ्या दिवशीही कामाला गेला, आणि मग पडला तो पुन्हा उठलाच नाही."

वहिनी त्यांच्या पायाशी बसली. दोघी रडल्या. ज्या गोष्टीबद्दल इतकी वर्षं दोघींपैकी एकीनेही तोंड उघडलं नव्हतं, ती आज बोलली गेली, आणि बोलल्यावर तिचं ओझं जरा हलकं झालं. सासूबाईंनी पदराने डोळे पुसले, सुनेचेही पुसले.

"त्याला नाही मिळालं, तुला मिळालं," त्या म्हणाल्या. "त्या माणसांनी आपल्यातलं काढून दिलं म्हणून मिळालं. उद्या त्यांना माझा नमस्कार सांग. नावं घेऊन सांग, एकेकाला."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मशीनं थांबली तेव्हा वहिनी पुढच्या शेडमध्ये गेली. प्रत्येकासमोर उभी राहिली, हात जोडले आणि सासूबाईंचा निरोप सांगितला. रंधेकाकांपाशी पोचली तेव्हा त्यांनी उठून तिचे जोडलेले हात धरले आणि खाली केले. "एवढं कशाला, पोरी?" ते म्हणाले. "आमच्या प्रत्येकाच्या घरात कुणीतरी आजारी पडतंच की."

"म्हणूनच. पैसा तुम्हालाही लागतोच, तरी वाढीतला सोडलात," वहिनी म्हणाली, आणि पुन्हा हात जोडले.